अनुभव धागा: शीत-कडी, अळसांदे, बांगडा... आणि प्रोटीन पावडरचा डबा

धागाकर्ती, फोंडा

नमस्कार मंडळी,

आपल्या गोव्यात आता वाड्यावाड्यावर जिम झाल्यात, फार्मसीत शिरलं की समोरच्याच कपाटात प्रोटीनचे मोठमोठे डबे, आणि घरात दोन टोकाची मतं. मुलगा म्हणतो पावडरशिवाय बॉडी होत नाही, आजी म्हणते असलं काहीबाही घरात आणू नका. मला स्वतःला शक्यतो ओळखीचं, कारखान्यात कमीत कमी फिरून आलेलं अन्न खायला आवडतं. म्हणजे उकडे तांदूळ, अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), मूग, कुळीथ, अंडी, बाजारातली मासळी, घरी लावलेलं दही. अशा जेवणात पावडरीला जागा आहे का आणि असली तर कोणासाठी, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय.

नुसतं "घ्या" किंवा "घेऊ नका" लिहू नका प्लीज. दिवसभरात काय खात होता, पावडर कोणी सांगितली, कशासाठी, काय फरक जाणवला, बंद केल्यावर काय झालं, सगळं सविस्तर लिहा. घरच्यांसाठी आणली असेल तर तेही लिहा.

हिशेबाला आधार म्हणून आकडे देऊन ठेवते. आयसीएमआर-एनआयएनची (राष्ट्रीय पोषण संस्थेची) २०२० ची शिफारस मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन अशी आहे, म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या बाईला ४६ च्या आसपास. गरोदरपणात शेवटच्या तीन महिन्यांत त्यावर आणखी २२ ग्रॅम. आणि याच संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांत प्रोटीन सप्लिमेंट टाळा असं सरळ म्हटलंय. माझं मत विचाराल तर आधी ताट मोजावं आणि मगच डब्याकडे बघावं. पण ताट मोजूनही कमी पडतं अशी माणसं असतात हे मला घरात दिसलंय, म्हणून धागा काढलाय.

मिरामारवर धावणारा

ताई, चांगला विषय. मी वजनाने ७० किलो, हाफ मॅरेथॉन धावतो, आठवड्यातून दोनदा वजनं पण उचलतो. एवढा व्यायाम करणाऱ्याला दर किलोमागे १.४ ते २ ग्रॅम लागतात असं क्रीडा आहारवाले सांगतात, म्हणजे मला कमीत कमी ९८ तरी हवेत. मला वाटायचं आपण मासे खाणारी माणसं, आपल्याला कसली कमी. मग एकदा कागद पेन घेऊन बसलो आणि एका साध्या दिवसाचा हिशेब मांडला. सकाळी दोन पाव आणि पातळ भाजी, १२ ग्रॅम. दुपारी शीत-हुमण (भात आणि माशाची नारळाची आमटी), भाताचे १० आणि विसवणाची (सुरमईची) एक तुकडी १२. थोडं वरण, ४. चहातलं दूध धरा ३. रात्री दोन चपात्या आणि भाजी, ८ किंवा ९. झाले ५० च्या आसपास. साध्या माणसाला जेमतेम पुरतील, धावणाऱ्याला नाही.

आपल्या हुमणाची खरी गोष्ट अशी की ताटात ते भरपूर दिसतं पण त्यात जास्त असतो तो नारळ, आणि नारळात प्रोटीन फारसं नसतं, १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात ३ ग्रॅमच. मासळीची तुकडी एक, तीही सगळ्यांच्या वाट्याला आली पाहिजे म्हणून लहान कापलेली. चवीला तोड नाही आणि मी हुमण सोडणार पण नाही, पण प्रोटीनचा भरवसा त्याच्यावर ठेवता येत नाही.

म्हणून मी आधी ताटच बदललं. सकाळी पावाबरोबर दोन अंडी आली, दुपारी एका तुकडीच्या जागी अख्खा बांगडा भाजून (मध्यम बांगड्यात काटे-डोकं काढल्यावर १५ एक ग्रॅम मिळतात), संध्याकाळच्या भज्यांऐवजी मूठभर शेंगदाणे नाहीतर उकडलेले चणे, रात्री अळसांद्याचं तोणक (वाटण घातलेली उसळ) किंवा मुगागाठी (मुगाची उसळ). एवढ्याने ८५-९० पर्यंत पोचलो, पावडर न घेता. राहिले ते दहा-पंधरा ग्रॅम, त्यातही फक्त लांब पल्ल्याच्या दिवशी अडचण येते. एप्रिल-मेच्या दमट हवेत दोन तास धावून आलं की काही गिळवत नाही, अंड्याचा वासही नको होतो. त्या दिवशी ताकात एक स्कूप व्हे (दुधापासून केलेली प्रोटीन पावडर) घालून पितो, जिरं-मीठ टाकून. बाकी दिवस डबा बंद. माझ्यासाठी तेवढीच त्याची जागा आहे आणि तेवढी मला पटते.

सत्तरी तालुक्यातली आई

माझा मुलगा सोळा वर्षांचा, फुटबॉल खेळतो. अंगाने बारीक, म्हणून जिममधल्या कोणीतरी मोठ्या मुलाने त्याला मास गेनर (वजन वाढवायची पावडर) घे सांगितलं. हा माझ्या मागे लागला, जेवेना, बोलेना. शेवटी म्हटलं चल डबा आपण दोघं मिळून वाचू. मित्राचा डबा घेऊन आला. ओट्यावर ठेवला आणि मी त्याला मागचं मोठ्याने वाचायला लावलं. घटकांच्या यादीत पहिलंच नाव माल्टोडेक्स्ट्रिन. ते काय म्हणून त्यानेच फोनवर शोधलं. पिष्टापासून काढलेली, झटकन साखर होणारी भुकटी. जे जास्त असतं ते यादीत पहिलं लिहायचा नियम आहे, म्हणजे त्या डब्यात सगळ्यात जास्त तेच! प्रोटीन तिसऱ्या नंबरला. तो स्वतःच म्हणाला, "आई, हे तर साखरेचंच झालं."

मग ठरवलं की जेवढे पैसे त्या डब्यात जाणार होते तेवढे महिन्याला त्याच्या खाण्यावर घालायचे. सकाळी नाचणीची तिझन (पातळ खीर) दुधात, त्यात गूळ आणि केळं. डब्यात चपातीबरोबर दोन अंड्यांचं ऑम्लेट, खिशात शेंगदाणे-फुटाणे. प्रॅक्टिसवरून आला की पहिलं उकडलेले अळसांदे कांदा-खोबरं घालून, मग आंघोळ. आता जेवायला सांगावं लागत नाही, स्वतः भांडं उघडून बघतो. वजन वाढलंय आणि कोच पण म्हणाले दम वाढला. वाढत्या वयातल्या पोरांना आधी पोटभर जेवण आणि झोप पाहिजे, त्यांच्या हातात डबा देऊ नका असं मला मनापासून सांगायचंय.

वेर्णा नाईट शिफ्ट

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. वेर्ण्याला औषध कंपनीत कामाला, फिरती शिफ्ट, भाड्याच्या खोलीत एकटा. कँटीनला रात्रीचा भात, पाण्यासारखी डाळ, बटाट्याची भाजी. सकाळी सुटतो तेव्हा बाजार लागत असतो पण मला झोपायचं असतं, मासळी आणून साफ कोण करणार. अंडी उकडून नेतो, पण रोज रोज चार अंडी पण नाही जात. तिथं मला व्हेची मदत झालीय आणि ते मी लपवणार नाही. रात्री दोनच्या ब्रेकला आधी वडापाव आणि चहा व्हायचा, आता एक स्कूप पाण्यात, एक केळं, थोडे बदाम. पहाटेची ती खा-खा गेली.

सुरुवातीला पोट फुगायचं, गॅस व्हायचा. नंतर कळलं की व्हेच्या साध्या प्रकारात, कॉन्सन्ट्रेटमध्ये, दुधातली साखर, लॅक्टोज, थोडी उरते आणि मला दूध तसंही बाधतं. जास्त गाळलेल्या आयसोलेटमध्ये ती जवळजवळ नसते, तो घेतल्यावर त्रास थांबला, पण तो महाग पडतो. सुट्टीला घरी पेडण्याला गेलो की डबा उघडतच नाही, आईच्या हातचं असतं. घरचं मिळतंय त्याला पावडर नकोच, पण आमच्यासारख्यांना "घरचं खा" सांगून विषय संपत नाही हो.

साखळीकर मास्तर

आमच्या बापजाद्यांनी पेज आणि कुळथाचं कळण पिऊन शेतं कसली, त्यांना कुठे पावडर होती? मला तरी याची गरज दिसत नाही.

आहारतज्ज्ञ, पणजी

मास्तर, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण एक गोष्ट सांगू का? कळण म्हणजे कुळीथ शिजवल्याचं पाणी. चव, थोडी खनिजं त्यात उतरतात, प्रोटीन मात्र बहुतेक सगळं दाण्यात राहतं. कुळथाच्या १०० ग्रॅम कोरड्या दाण्यात २२ ग्रॅम असतं. तेव्हा कळण प्या पण त्या दाण्यांची उसळ पण ताटात येऊ द्या. आणि पूर्वीची माणसं भात खूप खायची, उकड्या तांदळात १०० ग्रॅमला ७-८ ग्रॅम प्रोटीन असतंच, राबणारा माणूस दिवसाला अर्धा किलो तांदूळ खात असेल तर त्यातूनच ३५-४० ग्रॅम मिळायचं. आज आपण खुर्चीत बसतो, भात निम्म्याहून कमी केलाय, त्याच्या जागी दुसरं काही आणलं नाही. कमी पडतं ते इथे.

आता धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येते. व्हे म्हणजे काय हे आधी समजून घ्या. दुधातल्या प्रोटीनचा साधारण ८० टक्के भाग केसिन आणि २० टक्के व्हे. चीज करताना केसिन घट्ट होतं आणि जे हिरवट पाणी सुटतं त्यात व्हे असतं. ते बारीक गाळण्यांतून गाळून, गरम हवेत फवारून सुकवलं की पावडर. त्या पाण्यात प्रोटीन एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे किलोभर पावडरीला शंभर लिटरच्या वर पाणी लागतं. म्हणजे मूळ दुधाचं आहे, विष नाही. पण अख्खं अन्न पण नाही. ब्राझीलच्या साओ पाउलो विद्यापीठातल्या कार्लोस मोंतेइरो यांच्या गटाने अन्नाची जी नोव्हा वर्गवारी मांडली त्यात व्हे प्रोटीन हे घरच्या स्वयंपाकात न वापरले जाणारे, कारखान्यातले घटक म्हणून धरलंय, आणि त्यावर गोडवा आणणारी द्रव्यं, वास, घट्टपणासाठी गोंद घातले की तो पदार्थ अतिप्रक्रियायुक्त गटात जातो. म्हणून कोणाला घ्यावंच लागलं तर मी बिनवासाची, बिनगोडीची, घटकांची यादी एका ओळीत संपणारी पावडर सुचवते.

माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच कारणाने. आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेह पाहणीच्या २०२३ मध्ये आलेल्या अहवालात मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांपेक्षा जास्त. मधुमेह मूत्रपिंडावर हळूहळू परिणाम करतो आणि बऱ्याच जणांना ते कळत नाही. निरोगी मूत्रपिंडाच्या माणसाला जास्त प्रोटीनने इजा होते असं चाचण्यांत दिसलेलं नाही, पण मूत्रपिंड आधीच दुखावलंय आणि पत्ताच नाही, अशा माणसाने जिमवाल्याच्या सांगण्यावरून रोज दोन-तीन स्कूप सुरू केले तर ते धोक्याचं आहे. तेव्हा चाळिशी ओलांडलेल्यांनी, साखर किंवा बीपी असलेल्यांनी डबा विकत घ्यायच्या आधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. ही तपासणी एका डब्याहून खूप स्वस्त आहे.

मडगावची सून

सासरे ऐंशीच्या घरातले, बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी आले तेव्हा अंगावर मांसच उरलं नव्हतं, पोटऱ्या हाताच्या बोटांत मावतील अशा. दातांची कवळी बसेना, मासळीचा काटा काढून दिला तरी "नको गो" म्हणून ताट सरकवायचे, फक्त पेज आणि लोणच्याचा खार. पेजेवर माणूस किती दिवस काढणार. डॉक्टरांनीच सांगितलं म्हाताऱ्या माणसाला उलट तरण्यापेक्षा जास्त लागतं, दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, आणि जखम भरायची असेल तर त्याहून थोडं जास्त. त्यांची किडनी तपासली, ठीक होती, मग पावडर लिहून दिली.

मी ती दुधात ढवळून दिली तर तोंड फिरवलं, औषधाचा वास येतो म्हणाले. मग पेजेतच घालायला लागले. पेज उकळती असताना घातली की गुठळ्या होतात, आधी वाटीत गार पाण्यात फेटून घ्यायची आणि पेज कोमट झाली की मिसळायची, वर चिमूटभर मीठ. तिझनमध्ये पण चालते, गुळाने वास झाकला जातो. त्याबरोबर मऊ अंडं, मुगाच्या डाळीचं घट्ट वरण, दही. फिजिओवाल्या बाय घरी येऊन व्यायाम करून घ्यायच्या, तो पण तेवढाच महत्त्वाचा, नुसतं प्रोटीन खाऊन स्नायू येत नाहीत. हळूहळू काठी घेऊन अंगणापर्यंत जायला लागले. भूक परतली तशी पावडर कमी करत बंद केली, आता तारल्यांचं सुकं मऊ करून दिलं की दोन तारल्या खातात. आमच्या घरी त्या डब्याने वाईट दिवसांत साथ दिली, मी त्याला नावं ठेवणार नाही.

बेतूलची

मासळीवाल्यांच्या घरातली म्हणून दोन शब्द. लोक पापलेट-विसवणाचे भाव बघून म्हणतात मासे परवडत नाहीत, प्रोटीन पावडर स्वस्त. अहो तारले घ्या, बांगडे घ्या! १०० ग्रॅम मांसात २० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन त्यातही आहे आणि चांगली चरबी विसवणापेक्षा जास्त. फक्त काटे जास्त आणि आजकालच्या मुलांना काटे काढायचा कंटाळा.

खरी ओढाताण पावसात. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, मग लगेच श्रावण, कित्येक घरांत चवथ (गणेश चतुर्थी) होईपर्यंत मासळी शिजत नाही. म्हणजे वर्षातले सलग तीन एक महिने ताटातला मासा जातो. जुन्या बायका म्हणूनच मेमध्ये पुरुमेंत (पावसाळ्याचा साठा) भरायच्या, सुके बांगडे, गलमो, खारे. गलमो म्हणजे सुकी बारीक कोळंबी, १०० ग्रॅममध्ये ६० ग्रॅमपर्यंत प्रोटीन, कुठल्याही पावडरीच्या जवळ जाणारं! मूठभर गलमो तव्यावर कोरडे भाजायचे, खरपूस वास सुटला की उतरायचे, शेपट्या-डोकी चोळून पाखडायची, मग खोबरं, कांदा, तिखट, चिंच की झालं किसमूर. २० ग्रॅम गलमोत १२ ग्रॅम प्रोटीन मिळालं बघा. बीपीवाल्यांनी मात्र जपून, खारवलेल्या सुक्या मासळीत मीठ खूप असतं. धुऊन भिजवून पाणी टाकून द्या, तरीही रोज नको.

२०१८ मध्ये फॉर्मेलिनचा गोंधळ झाला तेव्हा गिऱ्हाईक मासळीला हात लावेना, तेव्हापासून काही घरांत डबे शिरले ते निघालेच नाहीत असं माझं निरीक्षण आहे. ताजी मासळी ओळखायला शिका, कल्ला लाल, डोळा फुगीर, बोट दाबलं की मांस परत वर येतं. ओळखीच्या बाईकडून घ्या.

म्हार्दोळचे शाकाहारी

बेतूलच्या ताई, छान लिहिलंत. आमच्या घरी अंडंही नाही, तेव्हा तुमच्या गलमोचा आम्हाला उपयोग नाही :) पण श्रावणातला प्रश्न आमच्याकडे बाराही महिने. लोकांना वाटतं शाकाहारी जेवण म्हणजे खतखतं, भाजी, सोलकढी, वरण-भात. खतखतं उत्तम, पण त्यात कंदमुळं भरपूर आणि डाळ थोडी. सोलकढीत प्रोटीन जवळजवळ नाहीच.

आम्ही एक नियम केला. रोजच्या दोन्ही जेवणांत एक कडधान्य "भाजी" म्हणून येणार, वरणाव्यतिरिक्त. सोमवारी अळसांदे, मग मूग, मग कुळीथ, चणे, वाल, असं फिरतं ठेवलंय. माणशी ६० ग्रॅम कोरडं कडधान्य मोजून भिजवतो म्हणजे १३-१४ ग्रॅम प्रोटीन नक्की. घरचं दही दोन वाट्या, आठवड्यातून दोनदा पनीर, आणि सोयाबीनच्या वड्या, ज्यात १०० ग्रॅमला ५० च्या वर प्रोटीन आहे, तेवढं दुसऱ्या कुठल्या स्वस्त शाकाहारी पदार्थात मी पाहिलेलं नाही. आता सोयाबीनची वडी पण कारखान्यातच होते, तेल काढून उरलेल्या पिठाची, मग ती चालते आणि पावडर का नाही असं मुलीने विचारलं. मी म्हटलं वडी आपण फोडणीला घालतो, कांदा-टोमॅटोबरोबर शिजवतो, चावून खातो, ती जेवणाचा भाग होते. ती म्हणाली डब्यातली पण दह्यात घालून खाता येईल की. वाद अजून चालू आहे घरात. पण भात आणि डाळ एकत्र का खातात हे तिला पटलं. प्रोटीन ज्यांचं बनतं त्या घटकांपैकी भातात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी, एकाची उणीव दुसरं भरून काढतं, आणि एकाच घासात नसलं तरी दिवसभरात दोन्ही आलं की पुरतं.

आणखी एक सुचवतो. बिहारकडचं सत्तू, म्हणजे भाजलेल्या चण्याचं पीठ. आपल्याकडच्या फुटाण्यांची साल काढून मिक्सरला फिरवलं की घरीच होतं. ताकात दोन मोठे चमचे, लिंबू, हिरवी मिरची, मीठ. त्यात फायबर पण असतं जे व्हेमध्ये नसतं.

म्हापशाचा ट्रेनर

वर सगळ्यांचं वाचलं, आनंद वाटला. मी जिम चालवतो, डबे विकत नाही, मुद्दाम नाही ठेवत. मला भीती वाटते ती डब्यात काय आहे याची. केरळमधले यकृततज्ज्ञ डॉ. सिरियाक अ‍ॅबी फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या, २०२४ मध्ये 'मेडिसिन' या नियतकालिकात ते छापून आलं. जवळजवळ ७० टक्के डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा खरा नव्हता, काहींत लिहिल्याच्या निम्मंच. १४ टक्क्यांत बुरशीचं विष अफ्लाटॉक्सिन सापडलं. म्हणजे पोरगं २५ ग्रॅम समजून पितंय आणि मिळतायत १२.

हे होतं कसं तेही समजून घ्या. साध्या तपासणीत प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून हिशेब करतात. मग स्वस्तातली ग्लायसिन, टॉरिनसारखी द्रव्यं मिसळली की नायट्रोजन वाढतो, आकडा वाढतो, स्नायूंना मात्र फायदा नाही. घटकांच्या यादीत ही नावं वेगळी लिहिलेली दिसली किंवा "प्रोप्रायटरी ब्लेंड" (कशाचं प्रमाण किती ते न सांगणारं मिश्रण) लिहिलं असेल तर मी तो डबा घेऊ देत नाही. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना नंबर फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅपवर घालून बघा. इम्पोर्टेड असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असलेलं स्टिकर पाहिजेच. सुटी, प्लास्टिक पिशवीत मिळणारी "बल्क" पावडर कितीही स्वस्त असली तरी नको.

माझ्याकडचा एक मुलगा राज्य पातळीवर वेटलिफ्टिंग करतो. त्याला मी कडक सांगून ठेवलंय की स्पर्धेत उतरणाऱ्याने बॅचवार तपासून प्रमाणित केलेली सोडून कुठलीच सप्लिमेंट तोंडात घालायची नाही, कारण डब्यात न लिहिलेलं उत्तेजक निघालं तरी जबाबदारी खेळाडूचीच धरतात आणि बंदी त्याच्यावर येते. तो आता रोज चिकन, सहा अंडी, दूध, चणे यावरच आहे आणि उचलतोय मस्त. नवीन येणाऱ्या मुलांना मी पहिले काही महिने पावडरचं नावही काढू देत नाही, आधी व्यायाम शिका, वेळेवर झोपा, जेवण लिहून आणा.

डायलिसिसवर असलेला, डिचोली

मी क्वचितच लिहितो, पण इथे लिहावंसं वाटलं कारण प्रोटीनच्या बाबतीत मी दोन्ही टोकं पाहिली. मधुमेहामुळे मूत्रपिंड कमजोर झालं तेव्हा डॉक्टरांनी प्रोटीन कमी करायला लावलं, दर किलोमागे ०.६ च्या आसपास. मासळीची एक लहान तुकडी, डाळ मोजून. त्याची सवय झाली. मग डायलिसिस सुरू झालं आणि एकदम उलट सांगितलं, आता १ ते १.२ ग्रॅम पाहिजेच, कारण प्रत्येक डायलिसिसमध्ये काही प्रोटीन पाण्याबरोबर निघून जातं. मन तयार होईना, इतकी वर्षं जे टाळलं तेच आता खा.

आणि ते पण कुठूनही खाऊन चालत नाही. कडधान्यात आणि दुधात फॉस्फरस, सुक्या मासळीत मीठ, नारळपाण्यात पोटॅशियम, सगळ्यावर मर्यादा. राहिलं अंड्याचं पांढरं, एकात साडेतीन ग्रॅम, फॉस्फरस नगण्य. बायको कांदा-कोथिंबीर घालून पांढऱ्याची पोळी करते, ती मला आवडते. ताजी मासळी थोडी. त्यावर किडनीच्या रुग्णांसाठीची वेगळी पावडर, तीही हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञांनी रक्ताचे रिपोर्ट बघून ठरवलेली. जिमची पावडर आणि ही एक नव्हे, कृपा करून कोणी शेजाऱ्याचा डबा घरातल्या किडनीच्या रुग्णाला देऊ नका. आमच्या वाड्यावर एकाने प्रेमाने आणून दिला होता, मी हात जोडून परत केला.

धागाकर्ती, फोंडा

भाऊ, तुम्ही लिहिलंत म्हणून खूप बरं वाटलं. तब्येतीला जपा. पांढऱ्याच्या पोळीची कृती जमेल तेव्हा वहिनींना विचारून टाका, माझ्या काकांना उपयोगी पडेल, तेही डायलिसिसवर आहेत, आणि तुमचं वाचून त्यांनी पहिल्यांदा म्हटलं की कोणीतरी माझ्यासारखं आहे.

नवी आई, वास्को

पहिलं बाळ, अंगावर पाजते. सासूबाई अळीव, डिंकाचे लाडू, सगळं प्रेमाने देतात, पण मैत्रीण म्हणते मदर्सवाली पावडर घे. खरंच लागते का?

आहारतज्ज्ञ, पणजी

बाय, अभिनंदन! पहिले सहा महिने पाजताना नेहमीपेक्षा साधारण १७ ग्रॅम जास्त प्रोटीन लागतं. एक अंडं, एक पेला दूध आणि एक वाटी घट्ट मुगागाठी वाढवलीस की तेवढं होतं. लाडूंमध्ये तूप-गूळ जास्त आणि प्रोटीन कमी, ते खा, पण तेवढ्यावर राहू नको. जेवण नीट जात असेल तर पावडर लागत नाही. खाववतच नसेल, वजन भराभर उतरत असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तर तुझ्या डॉक्टरांना दाखव, आपल्या मनाने डबा आणू नको.

वेर्णा नाईट शिफ्ट

म्हार्दोळच्या काका, तुमचं फुटाण्याचं सत्तू करून बघितलं, कंपनीत बाटलीत नेलं. तळाला बसतं, सारखं हलवावं लागतं, पण पोट छान भरतं आणि खिशाला परवडतं. आता एक दिवस सत्तू, एक दिवस व्हे असं चाललंय. अळसांदे पण करायचेत, पण चांगले मिळतात कुठे? इथल्या दुकानात पाकिटातली चवळी देतात अळसांदे म्हणून.

म्हापशाचा ट्रेनर

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात ये, गावठी कडधान्य घेऊन बसणाऱ्या बायका असतात. अळसांदा चवळीपेक्षा मोठा, फिकट तपकिरी. सकाळी लवकर ये, उन्हं चढली की चांगला माल संपतो. रात्रभर भिजव, कुकरला फार शिट्ट्या काढू नको, पीठ होतं.